आई-बाबांना घेऊन गाडीने यलोस्टोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीत राहतो. यलोस्टोनला चारदा जाऊन आलो, त्यातल्या दोन खेपा भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन. त्यामुळे मे महिना उजाडला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात, "आमचेही आई-बाबा येतायत, जरा सांग ना." दर वर्षी तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

यलोस्टोन एवढं काय मोठं आहे? एका दिवसात बघून होईल ना?

नाही होणार. १ मार्च १८७२ ला स्थापन झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे ८,९८३ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खं गोवा राज्य त्यात दोनदा मावेल आणि वर जागा उरेल. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, कडेचे तुकडे मोंटाना आणि आयडाहोत. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, दोन वर्तुळं एकमेकांना चिकटलेली. त्याची लांबी १४२ मैल. वेगमर्यादा ताशी ४५ मैल आणि त्यात मध्येच रस्त्यावर बायसन (गव्यासारखे अवाढव्य रानटी प्राणी) येऊन उभे राहिले की वेगमर्यादेचा प्रश्नच मिटतो.

मग किती दिवस ठेवावेत?

तीन रात्री हा माझ्या मते किमान हिशोब. खालच्या वर्तुळाला एक पूर्ण दिवस, वरच्याला एक, आणि तिसरा दिवस मोकळा. पहिल्या वेळी आम्ही दोन दिवसांत सगळं उरकलं होतं. घरी येऊन फोटो पाहिले तर निम्मे चालत्या गाडीच्या काचेतून काढलेले.

तिसरा दिवस मोकळा का, असं सगळे विचारतात. प्राणी तुमचं वेळापत्रक बघून येत नाहीत. त्यांच्यासाठी एक पहाट आणि एक संध्याकाळ रिकामी ठेवावी लागते.

कोणत्या महिन्यात जावं?

उत्तरेकडचा, गार्डिनर ते कुक सिटी या गावांमधला एकच रस्ता बारा महिने गाड्यांसाठी खुला असतो. बाकीचे साधारण एप्रिलच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने उघडतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. मधल्या उंच खिंडी, उदाहरणार्थ डनरेव्हन, मेअखेरपर्यंत बर्फातच असतात.

मला विचाराल तर मेचा शेवट आणि जूनचा पहिला पंधरवडा. बायसनची पिल्लं नुकतीच जन्मलेली असतात, विटकरी रंगाची. तिकडचे लोक त्यांना 'रेड डॉग' म्हणतात. अस्वलं खाली कुरणात असतात आणि धबधबे वितळलेल्या बर्फाने फुगलेले असतात. सप्टेंबरही सुंदर. एल्क या मोठ्या हरणाचा माजाचा हंगाम असतो आणि नर जी शीळ घालतात ती ऐकून बाबा म्हणाले, "एवढं धूड, आणि आवाज बासरीचा!" मुलांच्या सुट्ट्यांमुळे जुलै-ऑगस्टच जमत असेल तरी जा. फक्त सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात पार्किंगसाठी भांडायची तयारी ठेवा. २०२४ मध्ये या पार्कात ४७ लाखांहून जास्त भेटी नोंदल्या गेल्या आणि त्यांचा मोठा वाटा याच दोन-तीन महिन्यांतला. चार जुलैचा जोडून आलेला शनिवार-रविवार मात्र टाळाच.

सॉल्ट लेकहून कोणत्या रस्त्याने?

आय-१५ महामार्ग धरून सरळ उत्तरेला आयडाहो फॉल्स, तिथून यूएस-२० ने वेस्ट यलोस्टोन गाव. साधारण ३२० मैल. नुसती गाडी हाकली तर पाच तास, आई-बाबा बरोबर असतील तर सात धरा. आयडाहो फॉल्सला किराणा भरून घ्या. पुढे दुकानं आहेत, पण दर पर्यटकांचे आहेत.

वेळ असेल तर वेस्ट यलोस्टोनच्या वायव्येला क्वेक लेक बघा. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, डोंगराचा एक कडा नदीत कोसळला आणि त्या दरडीने हा तलाव तयार झाला. त्या रात्री २८ माणसं गेली. पाण्यात उभी राहिलेली वाळकी झाडं अजून दिसतात.

प्रवेशाला किती पैसे? पाहुण्यांचं वेगळं तिकीट लागतं का?

खाजगी गाडीला सात दिवसांचे ३५ डॉलर. वर्षभर सगळ्या राष्ट्रीय उद्यानांना चालणारा पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला मिळतो.

२०२६ पासून यात मोठा बदल झाला आहे आणि आई-बाबांच्या बाबतीत तोच महत्त्वाचा. परदेशी रहिवाशांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. पास नसेल तर गर्दीच्या अकरा उद्यानांमध्ये सोळा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येक परदेशी पाहुण्यामागे १०० डॉलर जादा आकारतात. त्या अकरांत यलोस्टोन आहे आणि शेजारचं ग्रँड टीटनही. म्हणून निघण्यापूर्वी दोन कामं करा. आपलं इथलं सरकारी ओळखपत्र खिशात ठेवा, आणि पास कोणाच्या नावावर घ्यायचा, गाडीत कोण बसलेलं चालतं, हे पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या आठवड्यात वाचून घ्या. फाटकावर मागे तीस गाड्या उभ्या असताना हा हिशोब करायला बसू नका.

राहायचं आत की बाहेर?

आतली हॉटेलं वर्षभर आधी भरतात. ओल्ड फेथफुल इन हे १९०४ मध्ये उघडलेलं ओंडक्यांचं हॉटेल एकदा आत जाऊन बघण्यासारखं आहे. खोली मिळाली नाही तरी त्याच्या दिवाणखान्यात बसायला कोणी अडवत नाही. बाबांनी तिथल्या दगडी चुलाण्यासमोर दोन तास पेपर वाचत काढले.

स्वयंपाकघर हवं असेल तर बाहेर राहा. आतल्या खोल्यांत चूल पेटवायला बंदी आहे. वेस्ट यलोस्टोन हे गाव गीझरच्या, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्यांच्या भागाला जवळ आणि गार्डिनर हे लांडग्यांच्या खोऱ्याला जवळ. दोन्हीकडे राहिलात तर उत्तम. एकाच गावातून रोज ये-जा केली तर दिवसाचे चार तास गाडीत जातात, आणि मागच्या सीटवर "अजून किती लांब?" सुरू होतं. विचारणारी मुलं असतात असंही नाही.

गरम पाण्याच्या झऱ्यात आंघोळ करता येईल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर: नाही. पाय बुडवणं, हात धुणं, डोळ्यांना पाणी लावणं, बाटलीत भरून घेणं, सगळ्यालाच नाही.

माझ्या आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. राजवाडी आणि तुरळच्या गरम कुंडांवर ती लहानपणी आंघोळीला जायची. आमच्याकडे गरम पाण्याचा झरा म्हणजे देवाची देणगी, सांधेदुखीवर उतारा. वज्रेश्वरी-अकलोलीला गेलेला माणूस टॉवेल घेतल्याशिवाय निघतच नाही. त्यामुळे तिने बॅगेत पंचा आणि बदलायची साडी आधीच घातली होती. तिला 'गीझर' बघायला चाललोय म्हटल्यावर तर तिची खात्रीच पटली. गीझर काय, आंघोळीसाठीच असतो!

इथे फरक आहे तो तापमानाचा आणि जमिनीचा. एवढ्या उंचीवर पाणी ९३ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं आणि इथल्या कित्येक कुंडांतलं पाणी त्याच्या काठावरच असतं. नॉरिस नावाच्या झऱ्यांच्या भागात तर काही पाणी आम्लधर्मी आहे. वर दिसणारी पांढरी जमीन म्हणजे सिलिकेची पापुद्र्यासारखी साय, काही ठिकाणी बोटाएवढ्या जाडीची. खाली उकळतं पाणी. या पार्कात आजवर वीसहून अधिक माणसं भाजून गेली आहेत, अस्वलांनी मारलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. २०१६ मध्ये नॉरिसला एक तरुण लाकडी वाट सोडून अंगाला सोसेल असं कुंड शोधायला गेला आणि त्यात पडला. दुसऱ्या दिवशी बाहेर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे मी आईला मुद्दाम आधी सांगितलं. तुम्हीही सांगा, वाईट वाटलं तरी. आणि लहान मुलाचा हात त्या लाकडी वाटेवर सोडू नका. बहुतेक ठिकाणी वाटेला कठडाच नाही.

वाटेवर असलात म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असंही नाही. २३ जुलै २०२४ ला बिस्किट बेसिनमध्ये जमिनीखालचं पाणी वाफ होऊन स्फोटासारखं उसळलं, दगड-चिखल उंच उडाला, लोक वाटेवरून धावत सुटले. कोणाला इजा झाली नाही. म्हणून 'बंद' अशी पाटी दिसली की ती जागा सोडून पुढे जायचं. वाद घालायचा नाही.

पूर्वी बॉइलिंग रिव्हरमध्ये लोक पोहायचे ना?

पोहायचे. पार्कच्या उत्तर टोकाला मॅमथजवळ गरम झरा थंड नदीला मिळायचा तिथे. जून २०२२ च्या महापुराने नदीकाठच बदलला आणि ती जागा बंद झाली. जुन्या व्हिडिओंवर विसंबून पंचा घेऊन जाऊ नका. फायरहोल नदीत एक पोहण्याची जागा आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ती उघडतात. पाणी कोमट म्हणायचं ते फक्त इथल्या इतर नद्यांच्या मानाने.

तो निळा-केशरी रंगाचा झरा कोणता? फोटोसारखा दिसतो का?

ग्रँड प्रिझमॅटिक. सुमारे ११२ मीटर व्यासाचा. मधला निळा भाग सर्वात गरम, तिथे जवळजवळ काहीच जगत नाही. कडेकडेने पाणी निवत जातं आणि प्रत्येक तापमानाला वेगळे सूक्ष्मजीव वस्ती करतात, म्हणून आधी पिवळा, मग केशरी, मग तांबूस पट्टा.

फोटोसारखा दिसण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, ऊन चढलेलं हवं. सकाळच्या गारव्यात इतकी वाफ असते की पांढऱ्या ढगापलीकडे काही दिसत नाही, आम्ही पहिल्यांदा तोच ढग बघून परतलो होतो. दुसरं, झऱ्याच्या काठच्या वाटेवरून रंग नीट कळत नाहीत. फेअरी फॉल्सच्या पार्किंगपासून साधारण एक किलोमीटर चालत टेकडीवरच्या कठड्यापाशी जावं लागतं. शेवटचा चढ थोडा दमवतो. आई दोनदा थांबून पोचली.

जाता जाता एक गोष्ट सांगते. इथल्याच एका झऱ्यातून थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात एक जिवाणू शोधला, नाव थर्मस अ‍ॅक्वाटिकस. उकळत्या पाण्याजवळ टिकणारं त्याचं एन्झाइम पुढे पीसीआर तंत्रात वापरलं गेलं. कोविडच्या काळात नाकात काडी घालून आपण सगळ्यांनी जी चाचणी केली तिचं मूळ इथवर येतं. बाबांना सगळ्या ट्रिपमध्ये लांडग्याच्या खालोखाल आवडलेली गोष्ट हीच. परत गेल्यावर त्यांनी सकाळच्या फिरायच्या ग्रुपला ती किती वेळा सांगितली असेल, देव जाणे.

ओल्ड फेथफुल किती वाजता उडतो?

ओल्ड फेथफुल हा इथला सर्वात प्रसिद्ध गीझर. त्याची ठरलेली वेळ नाही, अंदाज असतो. आधीचा उद्रेक किती मिनिटं चालला त्यावरून पुढचा ठरतो. कमी वेळ चालला तर आत पाणी शिल्लक राहतं आणि पुढचा लवकर, साधारण तासाभरात. जास्त वेळ चालला तर टाकी रिकामी, मग दीड तास किंवा त्याहून अधिक. रेंजर दहा मिनिटं इकडेतिकडे धरून वेळ फळ्यावर लावतात. पाणी ३२ ते ५६ मीटरपर्यंत उडतं.

वीस मिनिटं आधी जाऊन बाकावर जागा धरा. सुरुवातीला तो दोन-चारदा नुसता थुंकल्यासारखं करतो आणि लोक फोन खाली ठेवतात. नेमका तेव्हाच उडतो. उद्रेक संपला की सगळे एकदम गाड्यांकडे पळतात. तुम्ही पळू नका, मागच्या अप्पर गीझर बेसिनच्या वाटेने हिंडा. पार्कात दहा हजारांहून जास्त झरे, वाफेची भोकं आणि चिखलाची कुंडं आहेत, त्यात पाचशेच्या वर गीझर. त्यांचा मोठा वाटा याच भागात आहे.

कुंडात नाणं टाकलं तर चालतं का? आई ऐकत नाहीये.

माझीही ऐकत नव्हती. रेल्वे पुलावरून जाताना नदीत नाणं टाकणारी आपली पिढी आहे. तिला मॉर्निंग ग्लोरी पूल दाखवा. एकेकाळी हे कुंड त्या फुलासारखं निळंशार होतं. लोकांनी वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकला, आतली तोंडं बुजली, पाणी निवलं, आणि कडेचे पिवळे-केशरी सूक्ष्मजीव मध्यापर्यंत सरकले. आता निळा रंग मध्यभागी थोडा उरलाय, बाकी हिरवट. आईने पर्समधून काढलेलं नाणं परत आत टाकलं आणि कुंडाला लांबूनच नमस्कार केला. त्याला बंदी नाही.

प्राणी नक्की दिसतात का? सफारी बुक करावी लागते का?

ताडोब्यासारखी जिप्सी, गाइड, सकाळ-दुपारची फेरी असं इथे सक्तीचं काही नाही. आपली गाडी, आपला रस्ता. पैसे देऊन गाइड घेता येतो आणि लांडगे बघायचेच असतील तर एक पहाट घ्यावासुद्धा.

बायसन दिसतातच. त्यासाठी नवस लागत नाही. १९०२ मध्ये या पार्कात जेमतेम दोन डझन उरले होते, आज त्यांचा कळप हजारोंत आहे. बाबा त्यांना शेवटपर्यंत 'गवे' म्हणत होते. गवा वेगळा, पण राधानगरीला गवा बघितलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

बाकीच्यांसाठी दोन खोरी लक्षात ठेवा. ईशान्येचं लामार आणि मधलं हेडन. वेळ पहाटेची किंवा सूर्य मावळतानाची. दुपारी तिथे गवत दिसतं.

लामारची आमची ती सकाळ अशी. पावणेपाचला गार्डिनरहून निघालो, थर्मासमध्ये चहा, मागे आई शाल पांघरून झोपलेली. उजाडताना रस्त्याकडेला आठ-दहा गाड्या आणि तीन पायांच्या स्टँडवर लावलेल्या दुर्बिणी दिसल्या. असा घोळका दिसला की थांबायचं, हा इथला अलिखित नियम. माणसं कुजबुजत होती. आम्हाला नुसत्या डोळ्यांनी पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसेना. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाबांना हाताने खूण करून बोलावलं आणि आपल्या दुर्बिणीची उंची त्यांच्यासाठी कमी केली. बाबा डोळा लावून उभे राहिले ते हलेचनात. दीड-दोन मैलांवर एक काळा आणि दोन राखी लांडगे एका सांगाड्याभोवती. नंतर बाबा एवढंच म्हणाले, "तो काळा मान वर करून इकडेच बघत होता."

हे लांडगे १९२६ पर्यंत इथून पार मारून टाकले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ आणून सोडले. आज जे दिसतात ते बहुतेक त्यांचेच वंशज. स्टँडवरची मोठी दुर्बीण नसेल तर दोन डोळ्यांची साधी, दसपट दाखवणारी (१०×४२) तरी घ्याच. मोबाइलचा झूम इथे काही कामाचा नाही.

किती जवळ जाता येतं? बायसन तर गरीब दिसतात.

दिसतात गाईसारखे. धावतात ताशी ३५ मैल. इथे सर्वात जास्त माणसं जखमी केली आहेत ती बायसननेच, आणि बहुतेक वेळा फोटो काढायला जवळ गेलेल्यांना. नियम सोपा आहे. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, बाकी सगळ्यांपासून २५ यार्ड. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, तेव्हा अंदाज चुकायचं कारण नाही. गोलंदाजाच्या टोकाला तुम्ही उभे असाल तर बायसन फलंदाजाच्याही मागे, यष्टिरक्षकापाशी हवा. त्याने शेपटी वर उचलली तर मागे फिरा, फोटो राहू दे.

गाडीशेजारून कळप चालला असेल तर काच वर, हॉर्न नाही, गाडी जागच्या जागी. आमच्या आरशाला एकाने मान घासली होती. आरसा वाकडा झाला, आईने आत बसून रामरक्षा म्हटली. वीस मिनिटांनी रस्ता मोकळा झाला.

आणि एकटं पिल्लू दिसलं तर दया करू नका. मे २०१६ मध्ये पर्यटकांनी एका नवजात पिल्लाला थंडी वाजतेय म्हणून गाडीत घातलं. कळपाने ते परत स्वीकारलं नाही आणि शेवटी पार्कला त्याला मारावं लागलं.

अस्वलाचा स्प्रे घ्यावाच लागतो का?

हा म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखट फवारा. नुसते लाकडी वाटांवर आणि गाडीने फिरणार असाल तर नाही घेतला तरी चालेल. जंगलातल्या पायवाटेने जाणार असाल तर हवाच, आणि तो पाठीवरच्या बॅगेत नाही, कमरेला. विमानात नेता येत नाही, ना हातात, ना सामानात. विमानाने येणाऱ्यांनी इथे येऊन घ्यावा. पायवाटेवर चार-पाच जणांनी एकत्र आणि गप्पा मारत चालावं. या एका बाबतीत आपल्या कुटुंबांना काही शिकवावं लागत नाही.

शाकाहारी खायला काय मिळतं?

आतल्या उपाहारगृहांत सॅलड, चीज सँडविच, वेजी बर्गर. दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी बाबांचा चेहरा बघवत नाही. आम्ही दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट, चिवडा, लाडू असं नेतो. दशम्या दुधात भिजवल्या असतील तर आइसबॉक्समध्ये दोन-तीन दिवस छान राहतात.

बाहेर भाड्याच्या घरात भात लावणार असाल तर ध्यानात ठेवा, इथे पाणी कमी तापमानाला उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. मी एकदा तासभर ढवळत होते. शेवटी आई म्हणाली, "कुकर का नाही आणलास?" आता कुकर आणते.

पार्कात सहलीची बाकं जागोजाग आहेत. फक्त एक. खाऊन झालं की एक दाणाही बाहेर राहता कामा नये. खाणं, आइसबॉक्स, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद. एकदा आम्ही बाकावर लाडवांचा डबा ठेवून पाच मिनिटं नदीकडे गेलो. आलो तर मोठाल्या काळ्या डोमकावळ्यांनी झाकण उघडलेलं. रेंजरने शांतपणे पण चांगलंच झापलं. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुढे जगू शकत नाही, असं म्हणाली.

उंचीचा त्रास होतो का? औषधं, दवाखाना?

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. इथला तलावच २,३५७ मीटरवर आहे. पहिल्या दिवशी धाप लागते, झोप नीट लागत नाही, डोकं जड होतं. पाणी जास्त प्या आणि पहिल्या दिवशी चढ ठेवू नका. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. आत छोटे दवाखाने आहेत, मोठं हॉस्पिटल लांब. आई-बाबांचा प्रवासी विमा काढल्याशिवाय गाडीची किल्ली फिरवू नका.

स्वच्छतागृहं कशी आहेत?

मोठ्या ठिकाणी नेहमीसारखी. मधल्या थांब्यांवर पाणी नसलेली, खोल खड्ड्याची. स्वच्छ असतात, पण नळ नाही. गाडीत पाण्याची वेगळी बाटली ठेवा, कशाला ते आपल्या लोकांना सांगायला नको.

फोन लागतो का? पेट्रोल?

फोन बहुतेक रस्त्यांवर लागत नाही. नकाशे आणि पार्कचं अ‍ॅप आधीच उतरवून ठेवा. दोन गाड्या असतील तर भेटायची जागा सकाळीच ठरवा. पेट्रोल आत काही ठिकाणी मिळतं, पण टाकी निम्म्यावर आली की भरायची.

कपडे?

जुलैतही पहाटे स्वेटर, कानटोपी. बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकतो. थरांवर थर घाला. साडीला हरकत नाही, फक्त लाकडी वाटा ओल्या असतात, चप्पल नको.

हा जिवंत ज्वालामुखी आहे म्हणतात. फुटला तर?

आहे. शेवटचा महाउद्रेक सुमारे ६,३१,००० वर्षांपूर्वी झाला, शेवटचा लाव्हा सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी वाहिला. वर्षाला दीड ते अडीच हजार भूकंप नोंदले जातात, बहुतेक जाणवतही नाहीत. शास्त्रज्ञ सतत लक्ष ठेवून असतात. तुम्ही समोरच्या बायसनवर लक्ष ठेवा.

घाई असेल तर काय गाळावं आणि काय मुळीच गाळू नये?

मॅमथचे चुनखडीचे टप्पे हल्ली बऱ्याच ठिकाणी कोरडे पडलेत. पायऱ्या जड जात असतील तर खालूनच बघा. गाळू नये ती यलोस्टोन नदीची घळ. खालचा धबधबा ९४ मीटरचा, आणि आर्टिस्ट पॉइंटपर्यंत चाकाची खुर्चीसुद्धा जाते. दरीचे पिवळे कडे सकाळी नऊच्या सुमारास उजळतात. ग्रँड टीटन दक्षिणेला लागूनच आहे. एक दिवस जास्तीचा असेल तर त्या बाजूने परता.

मग आंघोळ राहिलीच का?

राहू द्यायची नाही. पार्कच्या बाहेर रीतसर बांधलेली गरम कुंडं आहेत. गार्डिनरला आहेत, पूर्वेकडून कोडी गावामार्गे परतत असाल तर थर्मोपोलिस गावाला आहेत. तिथलं सरकारी स्नानगृह फुकट आहे, कारण १८९६ मध्ये शोशोनी आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांनी हे झरे देताना ते सर्वांना खुले राहतील अशी अट घातली होती. सॉल्ट लेकला परतणाऱ्यांसाठी सोयीचं म्हणजे आयडाहोतलं लाव्हा हॉट स्प्रिंग्ज, आय-१५ पासून दहाएक मैल आत. पाणी साधारण ३९ ते ४४ अंश. पोहण्याचे कपडे लागतात. आईसाठी पूर्ण बाह्यांचा पोशाख आधीच मागवून ठेवला होता, तो घालायला तयार करण्यात अर्धा तास गेला.

मग मात्र ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली आणि पाऊण तास हलली नाही. आम्ही काठावरून दोनदा हाका मारल्या. बाहेर आली, केस पुसता पुसता म्हणाली, "पाणी छान आहे गं. पण गंधकाचा वास नाही, म्हणजे गुडघ्याला कितपत गुण येईल कोण जाणे. पुढच्या वेळी थोडं जास्त बसेन."